मोन्ते कासीनोच्या पायथ्याशी

मोन्ते कासीनो हे नाव आम्ही सेमिनरीत ऐकले ते संत बेनेडिक्टांमुळे. इसवी सन ५२९च्या सुमारास त्यांनी त्या डोंगरावर मठ स्थापिला. प्रार्थना आणि परिश्रम यांची त्यांनी घातलेली सांगड पुढे युरोपभरच्या मठांनी स्वीकारली. हेच नाव अलीकडे आम्हांला निराळ्या ठिकाणी भेटले. अंधेरीच्या आमच्या पॅरिशच्या इतिहासासाठी आम्ही दक्षिण मुंबईतील एका जुन्या ग्रंथालयात नोंदी शोधीत होतो. तेथील ऐतिहासिक विभागात ‘द टायगर ट्रायम्फ्स’ हा १९४६ सालचा ग्रंथ हाती आला. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या तीन भारतीय डिव्हिजनांचा हा सरकारी गौरवग्रंथ. पॅरिशच्या नोंदी त्या दिवशी तशाच राहिल्या.

१५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी बेनेडिक्टांचा मठ बेचिराख केला. डोंगरावर चढाईचे काम चौथ्या भारतीय डिव्हिजनकडे होते आणि बॉम्बफेकीचा आग्रहही तिच्याच सेनापतीने धरला होता. मठात आसऱ्याला आलेले निर्वासित मारले गेले. भारतीय जवानांची चढाईही फसली. मे महिन्यात पोलिश सैन्याने ते भग्नावशेष घेतले. ज्या ग्रंथाच्या नावातच विजय आहे, त्याने या दिवसाचा शोक तरी किती करावा?

आमचे मन मात्र दुसऱ्याच एका नावापाशी अडले. नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, तिसरी बटालियन. गाव पळसगाव, तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड जिल्हा. वय २२. कासीनोच्या त्या चढाईत ते नव्हते. त्यांची दहावी डिव्हिजन उत्तरेकडे टायबर नदीच्या खोऱ्यात लढली. १० जुलै १९४४ रोजी मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतील सारे सोबती पडले. घाडगे एकटेच धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी तोफ बंद पाडली. गोळ्या भरण्यास उसंत नव्हती, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळविले. लगेच शत्रूच्या गोळ्यांनी तेही कोसळले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस लाभला; थडग्याचा मात्र ठाव नाही. त्यांचे नाव कासीनो येथील स्मारकावर चार हजारांहून अधिक नावांत कोरलेले आहे, म्हणजे बेनेडिक्टांच्याच डोंगराच्या पायथ्याशी.

इटलीत ५,७८२ भारतीय जवान कामी आले. मोन्तोने गावाने २०२३ साली घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. त्यावरील लॅटिन ब्रीदाचा आशय असा, की आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो.

नोव्हेंबरात मृतांच्या मिस्सासाठी घरोघरच्या नावांच्या चिठ्ठ्या वेदीपाशी येतात. यंदा त्यांत यशवंत घाडगे हे नावही राहील, असे आम्ही सांगितले, तेव्हा एका वृद्ध भगिनीने सरळ विचारले, “फादर, हा आपल्यातला होता का?” प्रश्न रास्तच होता. ‘कोकणातला होता, बाई,’ एवढेच आम्ही म्हणालो. सुटीत मोटारीने गोव्याला जाणारी आमची कुटुंबे माणगावावरूनच जातात. घाडगे यांचा पुतळा त्याच गावात आहे.