कडी-कोयंडा

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात हट्टा नावाचे गाव आहे. जाणकार मंडळी तेथील प्राचीन बारव पाहावयास जातात. आम्ही गेलो ते मात्र एक किल्ली परत करावयास. किल्ली पितळेची, करंगळीएवढी. परंतु परभणीपासून एस. टी. च्या साऱ्या प्रवासात खिशातील तिचे ओझे आम्हांस जाणवत होते. वाचकांनी हसू नये. एखाद्याकडून अन्यायाने काढून घेतलेली वस्तू त्याच्या दारी परत नेताना किती जड होते, हे ज्यांनी अनुभवले आहे ते हसणार नाहीत.

घडले ते असे. आमच्या प्रभूमंदिरात नाना नावाने सर्वांना परिचित असलेले एक वृद्ध सेवक होते. पहाटेची घंटा, वेदीवरील मेणबत्त्या, मिस्सानंतरची झाडलोट आणि दाराशी असलेली दानपेटी, हे सारे एकोणीस वर्षे त्यांच्या हाती होते. पेटीच्या कुलपाला दोन किल्ल्या. एक आमच्याकडे, दुसरी नानांच्या करदोड्याला. झावळ्यांच्या रविवारनंतरच्या सोमवारी आम्ही पेटी उघडली तेव्हा ती रिकामी होती. प्रायश्चित्तकाळात भाविकांनी पोटाला चिमटा घेऊन गोरगरिबांसाठी टाकलेले पैसे नाहीसे झाले होते. कुलूप जागच्या जागी, बंद. कोठे मोडतोड नाही.

आम्ही सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलेले. कुलूप फुटले नाही, म्हणजे ते किल्लीने उघडले. किल्ल्या दोन. त्यांतील एक आमच्याकडे. उरले कोण? तर्क निर्दोष होता, आणि म्हणूनच घातक होता. आम्ही नानांना चोर म्हटले नाही. शिकलेला मनुष्य तसे म्हणत नसतो. आम्ही एवढेच म्हणालो, "नाना, ती किल्ली काही दिवस आमच्याकडेच राहू द्या." नानांनी करदोड्याची गाठ सोडली, किल्ली टेबलावर ठेवली आणि ते उभे राहिले. आम्ही कागदात डोके घातले. पुनरुत्थानाचा सण आटोपल्यावर प्रकृतीचे कारण सांगून ते हट्ट्याला मुलाकडे निघून गेले.

पुढे ऑगस्टमध्ये आमच्याच हातून पूजावस्त्रांच्या कपाटाची किल्ली हरवली. नांदेडकडचे एक किल्लीवाले सायकलवरून आमच्या भागात येत असत, त्यांना बोलावले. ते शिकलगार शीख होते. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी नांदेड येथे देह ठेवला. त्यामुळे त्या नगराशी शीख बांधवांचे नाते अतूट आहे. शिकलगारांचे पूर्वज शस्त्रे घडवीत आणि त्यांना धार लावीत. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा तीच कानस पुढे किल्ल्यांवर फिरू लागली. त्या गृहस्थांनी ओसरीवर बैठक मारली, कोरी किल्ली कुलपात घालून हलकेच फिरवली, बाहेर काढून तिच्यावर उमटलेल्या बारीक खुणा उन्हात पाहिल्या, तेथे कानस चालवली, पुन्हा घातली. असे सात-आठ वेळा. कपाट उघडले.

त्यांचे कसब पाहून आम्ही त्यांना दानपेटीपाशी नेले आणि घडलेली हकीकत सांगितली. अर्थात नानांचा उल्लेख टाळून. त्यांनी कुलपाकडे पाहिलेसुद्धा नाही. ते कोयंड्यावर वाकले. तो चार स्क्रूंनी लाकडावर बसवलेला होता आणि चारही स्क्रूंची डोकी बाहेरून दिसत होती. त्यांच्या खाचा ओरबाडलेल्या होत्या, भोवतालचा रंग उडालेला होता. ते म्हणाले, "फादर, कुलूप बेगुन्हा आहे. त्याला कोणी हातच लावला नाही. कुलपासकट कोयंडा काढला, पैसे घेतले, कोयंडा पुन्हा बसवला. पाच मिनिटांचे काम."

आम्ही पायरीवर बसलो. एकोणीस वर्षे त्या पेटीला भक्कम कुलूप होते आणि एकोणीस वर्षे ते चार उघड्या स्क्रूंवर लटकत होते. आमचा तर्क कुलपापाशी सुरू झाला आणि किल्लीपाशी संपला. कोयंड्याकडे पाहण्याची बुद्धी आम्हांस झाली नाही. आमचा चेहरा पाहून त्या कारागिराने काय ओळखले कोण जाणे. हत्यारे आवरताना ते म्हणाले, "गावात कुठे चोरी झाली की लोक आधी आमच्याकडे बघतात. ज्याला कुलूप उघडता येते, त्यानेच उघडले असणार! डॉक्टरला विष माहीत असते, म्हणून तो काय विष देतो?" आम्ही निरुत्तर झालो. तर्क तोच होता, आमचाच.

त्या दुपारी त्यांनी आम्हांस जे शिकवले ते वाचकांच्या उपयोगाचे आहे. बहुतेक लोक कुलूप आकार पाहून घेतात. कुलपाचे बळ त्याच्या पोटात असते. लिव्हरच्या कुलपात पितळेच्या अगर पोलादाच्या पातळ पट्ट्या एकावर एक असतात. योग्य किल्ली फिरली म्हणजे त्या सर्व नेमक्या उंचीवर उचलल्या जातात आणि तेव्हाच आतला अडणा सरकतो. पट्ट्या जितक्या अधिक, तितके ते बनावट किल्लीने उघडणे कठीण. म्हणून सहा, सात, आठ लिव्हर असे कुलपावर कोरलेले असते. बाहेरची कडी जाड, कठीण पोलादाची हवी आणि बंद झाल्यावर ती कमीत कमी उघडी दिसावी, म्हणजे पहार अडकवण्यास जागा राहत नाही. परंतु हे सारे दुय्यम. कोयंडा लाकडातून आरपार जाणाऱ्या बोल्टांनी बसवावा व नट आतून आवळावेत. दाराची चौकट वाळवीने खाल्लेली असेल तर हजार रुपयांचे कुलूप भुशाला लावल्यासारखे आहे. भाड्याच्या घरात राहावयास गेल्यावर पहिल्या दिवशी कुलूप बदलावे. पूर्वीच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत हे घरमालकासही ठाऊक नसते. किल्ली डोळ्यांदेखत करवून घ्यावी. पायपुसणे, कुंडी आणि दारावरची खिडकी या जागा चोरास आपल्याआधी ठाऊक असतात. आणि आपल्या मराठवाड्याच्या धुळीत कुलपाच्या तोंडात खोबरेल ओतू नये. तेलावर धूळ बसून आत चिखल होतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते.

मनुष्याने कुलपावर किती बुद्धी वेचली आहे! लंडनमध्ये ब्रामा यांच्या पेढीने १७९० पासून आपल्या खिडकीत एक कुलूप मांडले होते आणि ते उघडणाऱ्यास दोनशे गिनींचे बक्षीस लावले होते. साठ वर्षे ते अजिंक्य राहिले. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास खपून ते उघडले. आपल्याकडे १८९७ साली वकिली सोडलेल्या अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, आणि पुढे त्यांचे आडनाव हे घरोघरच्या कपाटाचेच नाव झाले. आम्ही सेमिनरीत निघालो तेव्हा वडिलांनी पत्र्याच्या पेटीला लावून दिलेले कुलूप अलिगढचे होते. आज बोटाच्या ठशावर उघडणारी कुलपे आली आहेत. तथापि या सर्वांचे तात्पर्य एवढेच: कुलूप चोराला अडवत नाही, त्याला वेळ लावते. तेवढ्या वेळात कोणीतरी जागे व्हावे, एवढीच त्याची सेवा.

म्हणूनच शनिशिंगणापूरचे नवल वाटते. नेवासे तालुक्यातील त्या गावात घरांना दारे-कुलपे न लावण्याची परंपरा आहे. २०११ साली तेथे युको बँकेने शाखा उघडली, तीही दाराला कुलूप न लावता. २०१५ साली मात्र गावात पोलीस ठाणे झाले. श्रद्धेवर वाद घालण्याचा आमचा अधिकार नाही. पण ज्या गावात एकमेकांवर भरवसा हाच कोयंडा आहे, तेथे तो उखडला गेल्यास लोहाराला बोलावून भागणार नाही, एवढे आमच्यासारख्यास आता कळते.

आम्हां धर्मगुरूंचे किल्लीशी नाते जुने आहे. पवित्र साक्रामेंताची पेटी बंद असावी आणि तिची किल्ली अत्यंत दक्षतेने सांभाळावी, असा ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील ९३८ व्या कलमाचा दंडक आहे. ती किल्ली आमच्याकडे असते. खरे सांगावयाचे तर ती आमच्या हातून दोनदा गहाळ होऊन सापडली आहे. नानांकडची एकोणीस वर्षांत एकदाही हरवली नाही. आणखी एक गोष्ट त्या रात्री आमच्या मनातून जाईना. संत पेत्राच्या प्रत्येक मूर्तीच्या हाती किल्ल्या असतात. त्याने आपल्या गुरूस तीनदा नाकारले. परंतु प्रभूने त्या किल्ल्या त्याच्याकडून परत मागितल्याचे शुभवर्तमानात कोठेही नाही. ज्याने नाकारले त्याच्याकडे त्या राहिल्या. ज्याने काहीच केले नव्हते, त्याच्याकडून आम्ही काढून घेतली.

हट्ट्यास पोहोचलो तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता आणि हळदीची शेते पोपटी दिसत होती. नाना ओसरीवर नातवाच्या दप्तराचा पट्टा शिवत होते. आम्हांस पाहून उठले. आम्ही त्यांना बसवले, किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि वाटेत जुळवलेली वाक्ये विसरून एवढेच म्हणालो, "नाना, चूक आमची होती. कोयंडा काढून चोरी झाली. आम्ही तुमच्यावर संशय घेतला."

ते बराच वेळ किल्लीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पाच महिने कमरेला कसं हलकं हलकं लागत व्हतं, फादर." आणि सुनेला त्यांनी चहा टाकावयास सांगितले. त्यांनी क्षमा केली की नाही, हे त्यांच्या तोंडून आम्ही ऐकले नाही. विचारण्याचे धैर्यही झाले नाही.

चहा पिताना कळले की पुढच्या आठवड्यात ते सर्वजण वेलांकन्नीच्या यात्रेस निघणार आहेत. नाना म्हणाले, "आजवर घरात कुणी ना कुणी असायचं. घराला कुलूप म्हणून कधी लागलंच नाही. आता दहा दिस घर बंद. तुमी संगं चला, चांगलं बघून देवा."

आम्ही दोघे बाजारात गेलो. नानांनी नारळाएवढे एक कुलूप उचलले. आम्ही नव्या विद्येच्या अभिमानाने त्यांना सात लिव्हरचे, मुठीत मावणारे कुलूप घेऊन दिले आणि कोयंड्यासाठी आरपार बोल्टही घेतले. रेल्वेप्रवासासाठी साखळी घेतली. खालच्या बाकाखाली कडी असते, तिला ती अडकवावी आणि पिशवीच्या पट्ट्यात नव्हे, तर मुठीच्या मजबूत भागातून ओवावी. मुलाच्या सुटकेसला आकड्यांचे कुलूप होते. तीन आकड्यांत हजार जोड्या संभवतात, परंतु बहुतेक जण तीन शून्येच ठेवतात. ती बदलावयास सांगितली. शिवाय चेन ही साध्या टोकदार वस्तूनेही उसवते, म्हणून दागिने आणि पैसे सामानात ठेवू नयेत, अंगावर ठेवावेत. परदेशी जाणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांची कुलपे उघडण्यासाठी तपासनीसांकडे सामाईक किल्ल्या असतात; २०१४ साली एका वृत्तपत्रात त्यांचे छायाचित्र छापले गेले आणि वर्षभरात त्याबरहुकूम किल्ल्या घरोघरी बनू लागल्या. किल्ली नुसती दाखवली तरी ती दिल्यासारखीच असते.

सायंकाळी मुलाने बोल्ट आवळले. नानांनी कुलूप लावून पाहिले, ओढून पाहिले, समाधानाने मान हलवली. आम्ही निरोप घेण्यास उठलो, तेव्हा त्यांनी नव्या जोडीतील एक किल्ली कडीतून सोडवून आमच्यापुढे धरली.

"एक संगं नेतो. एक तुमच्यापाशी असू द्या. वाटंत पोरानं हरवली तर?"

"नाना, शेजारी कोणाकडे ठेवा. आम्ही लांब राहतो," आम्ही म्हणालो.

"शेजाऱ्याला घराकडं बघायला सांगितलंय. किल्ली तुमच्यापाशी असू द्या."

आम्ही ती घेतली. परतीच्या गाडीत दिवे नव्हते. आम्ही सारा वेळ खिशावर हात ठेवून बसलो होतो. सप्टेंबरात यात्रेहून परतल्यावर नाना पहिल्या रविवारी पहाटेच आले, आणि आम्ही जागे होण्याआधी घंटा वाजली. मिस्सानंतर आम्ही त्यांची किल्ली पुढे केली. करदोड्याशी चाचपून दानपेटीची किल्ली जागेवर असल्याची त्यांनी खात्री केली आणि झाडू उचलीत म्हणाले, "ती असू द्या की तुमच्यापाशीच."

ती आजही आमच्याकडे आहे, पवित्र पेटीच्या किल्लीशेजारी. ती अद्याप एकदाही हरवलेली नाही.