मॉड्यूलचं बारसं

साखर कारखान्याचा वजनकाटा बंद पडल्यावर काय होतं, हे ज्याने पाहिलं नाही त्याला नेटवर्कची निकड सांगून कळायची नाही. ऐन गळीत हंगाम, जानेवारीतली रात्र, कोल्हापूर जिल्ह्यातला एक कारखाना. काट्यावरचा संगणक आणि मुख्य कचेरी यांच्यातली फायबरची लिंक गेली होती. उसाच्या ट्रॉल्यांची रांग फाटकातून पार रस्त्यावर आलेली. काट्यावरचे कारकून फोनवर म्हणाले, “साहेब, गाड्या थटल्यात. शेतकरी आता आमचंच वजन करत्यात.”

दोष लगेच सापडला. स्विचमधलं एसएफपी मॉड्यूल गेलं होतं. बोटाएवढी धातूची डबी; एका टोकाला स्विचमध्ये शिरणारे २० संपर्क, दुसऱ्या टोकाला फायबरची दोन भोकं. विजेचा प्रकाश करायचा आणि प्रकाशाची पुन्हा वीज, एवढंच तिचं काम. माझ्या पिशवीत तसंच दुसरं होतं, फक्त वेगळ्या कंपनीचं. तरंगलांबी तीच १३१० नॅनोमीटर, पल्ला तोच १० किलोमीटर. ते खोचलं. पोर्टचा दिवा नारिंगी झाला तो तसाच राहिला. लॉग उघडून पाहिला, तर स्विचला हे मॉड्यूल मान्य नव्हतं. काही स्विचना ‘अनोळखी मॉड्यूल चालवून घे’ असा आदेश देता येतो. या मॉडेलमध्ये ती सोय नव्हती. अखेर कर्मचारी वसाहतीच्या पोर्टातलं मॉड्यूल उपसून काट्याला लावलं. गाड्या हलल्या. वसाहतीतल्या मंडळींनी पुढचे दोन दिवस माझा उद्धार केला.

परतीच्या वाटेवर एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. मॉड्यूल चांगलं, काच चांगली, प्रकाश चांगला. अडलं होतं ते नुसत्या नावावर.

गंमत म्हणजे एसएफपी जन्मालाच आलं ते ही अडवणूक होऊ नये म्हणून. एकमेकींच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी एकत्र बसून आकार, संपर्क, व्होल्टेज सगळं ठरवलं आणि तसा करार कागदावर आणला. कुणाचंही मॉड्यूल कुणाच्याही खाचेत बसावं, हा हेतू. त्याच करारात मॉड्यूलच्या पोटात एक छोटी स्मृती ठेवली गेली, म्हणजे स्विचने विचारावं ‘तू कोण?’ आणि मॉड्यूलने उत्तर द्यावं. ओळख सांगण्यासाठी ठेवलेली ही जागाच पुढे कुलूप लावायला सोयीची ठरली. कंपन्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. दुसऱ्याच्या मालामुळे झालेल्या बिघाडाची तक्रार आपल्या दारात नको, असं त्यांना वाटतं. पण रात्री काट्यापाशी उभं राहून ते पटवून घेणं कठीण जातं.

ही स्मृती वाचायला आणि तिच्यातलं नाव बदलायलाही फार काही लागत नाही. वीसपैकी चौथा संपर्क माहितीचा, पाचवा घड्याळाचा. आयटूसी नावाची ही जुनी, साधी दोन तारांची बोली. त्यांच्याखेरीज ३.३ व्होल्ट आणि ग्राउंड. मी एका बिघडलेल्या स्विचमधून मॉड्यूलची खाच काढली, तिला तारा डाखल्या आणि त्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडल्या. हे काम सीएच३४१ए चिपच्या स्वस्त यूएसबी प्रोग्रामरनेही होतं. माझा पहिला प्रोग्रामर मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तसाच घेतला होता. त्याच्या काळ्या पाटीच्या बऱ्याच प्रतींत एक खोट असते. पुरवठा ३.३ व्होल्टचा दिसतो, पण सिग्नलच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. म्हणून आधी मल्टीमीटर, मग मॉड्यूल. हा क्रम चुकवल्याबद्दल मी एक मॉड्यूल दक्षिणा म्हणून दिलेलं आहे.

पायवर शोधाचा आदेश दिला की पडद्यावर रेघांचं जाळं येतं आणि त्यात दोन आकडे उगवतात : ५० आणि ५१. पहिल्या पत्त्यावर मॉड्यूलची जन्मपत्रिका, दुसऱ्यावर त्याची नाडी. हे आकडे पहिल्यांदा दिसले तेव्हा मी घरच्यांना हाक मारून दाखवले होते. त्यांनी पाहिले आणि चहा टाकायला गेले.

पत्रिकेत २५६ बाइट. मोजणी शून्यापासून. शून्याव्या जागी ०३, म्हणजे ‘मी एसएफपी’. चौदाव्या जागी सिंगल मोड फायबरवरचा पल्ला, किलोमीटरमध्ये. विसाव्यापासून पस्तिसाव्यापर्यंत उत्पादकाचं नाव, चाळिसाव्यापासून पंचावन्नाव्यापर्यंत पार्ट नंबर, अडुसष्टाव्यापासून त्र्याऐंशीव्यापर्यंत सिरियल नंबर. प्रत्येकाला बरोबर १६ अक्षरांची जागा. नाव आठ अक्षरांचं असेल तर उरलेल्या आठ जागाही लिहून भराव्या लागतात. तिथे मी पहिल्यांदा ठेच खाल्ली. मोकळ्या जागी मी शून्यं भरली आणि स्विचने नाव ओळखलंच नाही. मोकळ्या जागेचाही एक अंक असतो, सोळाच्या मोजणीतला २०. कोरी जागा आणि शून्य एक नव्हेत, हे मला शाळेतल्या गणिताच्या बाईंनी नव्हे, या डबीने शिकवलं.

दुसरी ठेच चेकसमची. शून्य ते बासष्ट या सगळ्या बाइटांची बेरीज करायची, २५६च्या पटी काढून टाकायच्या आणि उरलेला आकडा त्रेसष्टाव्या जागी लिहायचा. चौसष्ट ते चौऱ्याण्णवची अशीच बेरीज पंच्याण्णवाव्या जागी. जुने दिवाणजी खतावणीच्या पानाखाली बेरीज मांडून ठेवत, तसंच हे. वरचं एक अक्षर बदललं आणि खालची बेरीज तशीच ठेवली, तर स्विच पूर्ण पानच खोटं मानतो. आता मी त्यासाठी दहा ओळींचा पायथन लिहून ठेवला आहे. त्यापुढच्या, शहाण्णव ते एकशे सत्तावीस या जागा उत्पादकाच्या खासगी मालकीच्या. काही कंपन्या तिथे नाव आणि सिरियल नंबरावरून काढलेली गुप्त खूण ठेवतात. तिथे नुसती बेरीज जमून भागत नाही.

काही मॉड्यूल लिहूच देत नाहीत. दुसऱ्या पत्त्यावर, एकशे तेविसाव्या जागेपासून, चार बाइटचा परवलीचा शब्द दिला तरच कुलूप उघडतं. लिहितानाही घाई चालत नाही. एक बाइट लिहायचा, काही मिलिसेकंद थांबायचं, परत वाचून पडताळायचं. हे सगळं हाताने नको असेल तर तयार पेट्या मिळतात : फ्लेक्सबॉक्स, एफएस बॉक्स, पोलंडची रेव्हेलप्रोग. मॉड्यूल खोचा, यादीतून स्विचचं नाव निवडा, झालं. एफएस बॉक्ससारख्या पेट्या त्या-त्या विक्रेत्याच्या मॉड्यूलसाठीच बेतलेल्या असतात, पण रोज शंभर नग करणाऱ्याने पेटीच घ्यावी. मी मात्र अजूनही आधी कच्चे आकडे उघडून पाहतो. घाऊक मालात एकच सिरियल नंबर दहा डब्यांवर छापलेला मी पाहिला आहे. काही स्विच अशी जुळी भावंडं ओळखतात आणि दुसऱ्याला दारातच उभं करतात.

हात बसला तसा मोहही आला. एका ग्राहकाने विचारलं, दहा किलोमीटरचं मॉड्यूल चाळीसचं करून देता येईल का? करायला काय, चौदाव्या जागी दहाऐवजी चाळीस. अर्ध्या मिनिटाचं काम. स्विच मुकाट्याने ‘४० किमी’ दाखवेलही. पण लेझर तोच, त्याची ताकद तीच आणि समोरचा डोळाही तेवढाच तीक्ष्ण. मी त्याला दुसऱ्या पत्त्यावरची नाडी दाखवली : तापमान, व्होल्टेज, लेझरचा प्रवाह, जाणारा प्रकाश, येणारा प्रकाश. हे आकडे मॉड्यूल स्वतः मोजतं. लेझर म्हातारा होऊ लागला की तेवढाच प्रकाश टिकवायला त्याला जास्त प्रवाह लागतो, तेही इथे दिसतं. पत्रिकेत वय कमी लिहिता येतं, पण नाडी धरल्यावर कळतंच.

दुसरा मोह जास्त ओंगळ होता. एक व्यापारी स्वस्त मॉड्यूलांचा गठ्ठा घेऊन आला. मोठ्या कंपनीचं नाव आत लिहायचं, वर तसंच लेबल चिकटवायचं आणि अस्सल म्हणून विकायचं. पैसे बरे देत होता. मी ज्या हाताने काट्यासाठी नाव लिहिलं त्याच हाताने हेही लिहिता आलं असतं. बाइट तेच, बेरीज तीच. फरक एवढाच की काट्याच्या मॉड्यूलबद्दल मालकाला सगळं ठाऊक होतं, आणि इथे विकत घेणाऱ्याला काहीच ठाऊक नसणार होतं. गठ्ठा परत गेला.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र मोहाची नव्हती, आळसाची होती. एकदा मूळ मजकुराची प्रत न घेताच लिहायला बसलो. मध्येच वीज गेली. पत्रिका अर्धी जुनी, अर्धी नवी आणि मूळ काय होतं ते सांगणारं कुणीच नाही. तसं दुसरं मॉड्यूल माझ्याकडे नव्हतं. ती डबी अजून टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवतो.

पुढच्या हंगामाआधी मी कारखान्यात गेलो, नवं नाव लिहिलेलं मॉड्यूल काट्याच्या स्विचमध्ये खोचलं आणि दिवा हिरवा झाला. त्याच्या पाठीवर पांढरी पट्टी चिकटवली : मूळ नाव, बदललेलं नाव, तारीख, माझा फोन नंबर.

हे काम कुणी करणार असेल तर दोनच गोष्टी सांगेन. लिहिण्याआधी आहे ते पूर्ण वाचून जपून ठेवा. आणि लिहून झालं की डबीच्या पाठीवर तिचं पहिलं नाव लिहा, कारण रात्री दोन वाजता ती उपसणारा माणूस तुम्ही नसाल.