पायऱ्यांचे साल

इतरांच्या आठवणींतील चुका हेरणे ही साहित्याच्या अभ्यासकाला जडलेली सवयच असते. चूक सापडल्यावर तिचे काय करावे, हे मात्र कोणी शिकवीत नाही.

आमच्या नात्यातील एक वयोवृद्ध काका आपल्या प्रेमविवाहाची कथा नेहमी एकाच ठिकाणापासून सुरू करीत: बालगंधर्व रंगमंदिराच्या पायऱ्यांवर झालेली काकूंची पहिली भेट. त्यानंतर काही आठवड्यांतच पानशेतचा पूर आला आणि चिखलाने भरलेल्या पेठेतून ते काकूंचे घर शोधीत गेले.

पानशेतचे धरण फुटले १२ जुलै १९६१ रोजी. रंगमंदिराचे उद्घाटन २६ जून १९६८ चे. म्हणजे त्या पायऱ्या तेव्हा अस्तित्वातच नव्हत्या.

म्हणून कथा खोटी ठरते का? मला तसे वाटत नाही. पूर पाहिलेला पुणेकर त्याचे साल सहसा विसरत नाही. सरकले असेल ते स्थळ. लग्नानंतर दोघे वर्षानुवर्षे तिथे नाटकांना जात. भेटीची मूळ जागा पुसट होत गेली असावी आणि सहजीवनातील आवडत्या जागेने ती व्यापली असावी.

काकू गेल्यावर नातवंडांसाठी काकांनी ही कथा माझ्याकडून लिहून घेतली. पायऱ्या नक्की तिथल्याच का, असे मी हळूच विचारले. "ती असती तर तिलाच विचारलं असतं," एवढेच ते म्हणाले.

मी वाक्य तसेच ठेवले. समासात दोन्ही साले लिहिली.