जुन्या बियाण्याची उगवण

मृगाच्या आधी आमच्या साखऱ्यात घरोघर एक काम ठरलेले असते. घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून घ्यायचे, ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीला ठेवायचे आणि पाच-सहा दिवसांनी किती उगवले ते मोजायचे. सत्तर कोंब दिसले की बियाणे पेरायला चालते. जुने म्हणून ते कोणी टाकून देत नाही, अन् घरचे म्हणून डोळे झाकून पेरतही नाही. हे शहाणपण शेताबाहेरही लागते, ते मला 2025 च्या पावसाळ्यात उमगले.

माझी पुतणी त्या वर्षी बारावी झाली. 'नीट' परीक्षेत तिला चांगले गुण पडले. डॉक्टरकीचा प्रवेश आता याच परीक्षेच्या 720 गुणांवर ठरतो. पोर कोणाच्या अडीनडीला धावले का, हे कोणी विचारत नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाची रीत मात्र वेगळी आहे. नीटच्या गुणांवरून मुले निवडतात आणि मग त्यांना मुलाखतीला बोलावतात. आमच्या पोरीला ते बोलावणे आले.

घरात आनंदीआनंद झाला. पण दिवेलागणीला ती वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसली.

"मोठे बाबा, अभ्यासाशिवाय काय केलंस असं विचारलं, तर काय सांगू? दोन वर्षं लातूरला क्लास आणि खोली, एवढंच केलं. बाकी सगळं त्याच्या आधीचं."

वहीत तिने तीन गोष्टी लिहिल्या होत्या. चौथीतले वक्तृत्वाचे बक्षीस, सहावीतला खो-खो आणि चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा.

"आणि ते कोरोनातलं?" मी विचारले.

"ते पाच वर्षांपूर्वीचं. त्याचा कागदही नाही. शिळ्या कढीला ऊत कशाला आणायचा?"

वाचकहो, ते काय होते ते सांगतो. सप्टेंबर 2020 मध्ये राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. घरोघर जाऊन प्रत्येकाचा ताप आणि रक्तातला प्राणवायू मोजायचा, असे ते काम होते. माझी भावजय गावात आशा आहे. एकट्या बाईला मोजणे आणि लिहिणे दोन्ही होईना. शाळा बंद होती. तेव्हा आठवीतली ही पोर तोंडाला रुमाल बांधून तिच्यामागे नोंदवही घेऊन हिंडली. एका घरी म्हातारेबुवा बाजेवर बसून गप्पा मारत होते. यंत्रात आकडा आला 88. ते म्हणाले, "मला काही झालं नाही, पंचाण्णव लिहून टाक." पोरीने 88 च लिहिले आणि आईला हाक मारली. म्हाताऱ्यांना त्याच दिवशी हिंगोलीला नेले. ते बरे होऊन घरी आले. लातूरहून सुट्टीत आली, की आजही ती त्यांच्याकडे जाते आणि त्यांच्या गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून देते.

हे एका ओळखीच्या गृहस्थांच्या कानावर गेले. ते म्हणाले, "समाजसेवेचं प्रमाणपत्र मी आणून देतो. तारीख मागची टाकू." भाऊ जवळजवळ तयार झाला होता. तेव्हा मला माझी लाज उघडी करावी लागली.

मी कॉलेजात असताना राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर झाले. त्यात मी दोनच दिवस होतो. प्रमाणपत्र मात्र पूर्ण शिबिराचे मिळाले. पुढे एका नोकरीच्या मुलाखतीला मी ते ऐटीत पुढे केले. साहेबांनी सहज विचारले, "शोषखड्डे किती खोल खणले? तळाला काय घातलं?" मला घाम फुटला. खड्डे खणले तेव्हा मी घरी होतो. नोकरी गेल्याचे दुःख विसरलो, पण ती खाली गेलेली मान अजून आठवते.

म्हणून मी पोरीला म्हटले, "पोत्यातल्या दाण्यासारखं बघ. वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं, त्याचं पुढं काय झालं? काहीच नाही, तर ते राहू दे. खो-खो तू आज खेळत नाहीस. पण त्या नोंदवहीला कोंब फुटलाय. ते सांग. साल सांग, किती दिवस केलंस ते सांग, हातांनी काय केलंस ते सांग. आईचं काम होतं, मी मदतीला होते, असंच म्हण. एक दिवसही वाढवू नको."

आमच्या नात्यातली एक मुलगी अमेरिकेत शिकते. तिकडे आधी पदवी घेऊन मग डॉक्टरकीसाठी अर्ज करतात. ती सांगते, की त्या अर्जात केलेल्या कामांसाठी पंधरा जागा असतात आणि त्यांतली तीन सर्वांत मोलाची म्हणून दाखवता येतात. शाळेतले जुने काम पुढे चालू राहिले असेल तरच लिही, असे तिथली जाणती माणसे सांगतात. म्हणजे परीक्षा तीच, ओल्या पोत्याची. आपल्याकडेही डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढले, तेव्हा गुणांपलीकडचे माणूस पाहायची धडपड होतीच. पुढे अनेक वर्षे तिथल्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारांची वेगळी प्रश्नपत्रिका असे. आता तिथेही नीटच आहे.

पोर पुण्याला जाऊन आली. म्हणाली, "मोठे बाबा, त्या 88 वरच बराच वेळ बोलले. पंचाण्णव का नाही लिहिलं, असं विचारलं."

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, पंचाण्णव लिहून त्यांचा श्वास वाढला नसता."

पुण्याच्या यादीत तिचे नाव आले नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला, आणि तो देताना नोंदवहीचे कोणी विचारले नाही. जाताना मी पाहिले, तिच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी ती नोंदवही लिहितानाची जुनी पेन्सिल होती. मी काही बोललो नाही. खरे बियाणे कागदासाठी थोडेच असते?