आधी वाटी, मग ताट

भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक आधी ताट उचलतं. उलटं करून बघतं, काठावरून बोट फिरवतं, वजनाचा अंदाज घेतं आणि ताट पसंत पडलं की म्हणतं, "आता याच्यात शोभतील अशा वाट्या दाखवा." मी घरी जेवणं करते. दहा-बारा माणसं, कधी टेबलावर, कधी पाट मांडून. इतकी वर्षं वाढल्यावर माझं ठाम मत झालंय की हा क्रम उलटा आहे. आपलं जेवण वाटीत असतं. आमटी, कट, ताक, सोलकढी, रस्सा, खीर, दूध-तूप सगळं वाटीत. ताटानं त्या वाट्या सांभाळायच्या आणि डावी-उजवी बाजू एकमेकींत मिसळू द्यायची नाही, एवढंच.

वाटी बघताना मी आत बोटं घालते. तीन बोटं आणि अंगठा मिळून भाकरीचा तुकडा बुडवता आला पाहिजे. वरून निमुळत्या होत गेलेल्या वाट्या कपाटात देखण्या दिसतात, पण त्यांत घास भिजत नाही. बूड रुंद हवं. तोंडाच्या निम्म्याहून लहान बूड असलेली वाटी ताट सरकवताना हमखास लवंडते. मग पाणी ओतून बघायचं. दीडशे मिलिलीटरच्या आसपासची वाटी आमटीला पुरते. पुन्हा वाढायला जावं लागतं, पण ते बरंच. आमटी गरम मिळते. कोल्हापुरी तांबडा-पांढरा करायचा असेल तर मात्र याहून मोठ्या वाट्या काढा, नाहीतर वाढणाऱ्याला बसायलाच मिळत नाही. श्रीखंडाला आणि बासुंदीला सगळ्यांत लहान. मोठ्या वाटीतलं चमचाभर श्रीखंड कंजूषपणा वाटतो आणि भरून वाढलं तर टाकलं जातं.

वाट्या ठरल्या की मग ताट. दुकानातच ताटात तीन वाट्या मांडते आणि उरलेल्या जागेत भाकरी मावेल का ते बघते. भाकरी बहुतेक ताटांत मावत नाही, वाट्यांवर चढते. अर्धी मावली तरी ताट पास. काठ उभा हवा. दुकानदार ज्याला 'खुमचा' म्हणतात ते सरळ काठाचं सपाट ताट मला म्हणूनच आवडतं: भाताचं वरण काठाशी थांबतं, मोदकावरचं तूप बाहेर जात नाही आणि बशीसारख्या उताराच्या प्लेटमध्ये कोशिंबिरीचं पाणी चटणीत शिरतं तसं इथे होत नाही. कप्प्यांची ताटं खानावळीला ठीक. घरी नकोत, कारण कुठल्या पदार्थाला किती जागा द्यायची हे कप्पे पाडणारा ठरवून बसलेला असतो.

उभ्यानं जेवणं असलं तर सगळं गणित बदलतं. एका हातात ताट, दुसऱ्या हातानं जेवायचं, म्हणजे ताट हलकं पाहिजे आणि त्यात दोनच वाट्या. पुदुच्चेरीच्या स्टोनवेअरची मी भक्त आहे. तिथे रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि त्यांच्या हाताखाली शिकलेले कुंभार आता देशभर पसरलेत. ती भांडी साधारण बाराशे अंशांच्या वर भाजलेली असतात, टणक असतात, रंग जमिनीचे. पण वजन! तसली प्लेट हातात धरून कोणी अर्धा तास उभं राहून जेवावं ही शिक्षा आहे. मी त्यातले खोलगट वाडगेच घेते, कोशिंबीर आणि दहीभात टेबलावर मांडायला. घेताना बूड तळहातावर फिरवून बघा. झिलई नसलेली कड खरखरीत असेल तर खालच्या प्लेटवर आणि टेबलावर ओरखडे उठतात.

रोजच्या वापराला स्टीलला तोड नाही, यात मला लाज वाटत नाही. पण स्टील म्हणजे एकच धातू नव्हे. ३०४ जातीच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्तातल्या २०० मालिकेत निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. खिशात चुंबक घेऊन येणारे लोक मी पाहिलेत. चुंबक चिकटला नाही की स्टील उत्तम, असा त्यांचा समज असतो. २०० मालिकेलाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे ही परीक्षा फुकट आहे. भांड्यावरचा शिक्का बघा आणि बिलावर तोच आकडा लिहून घ्या. हलक्या स्टीलच्या ताटात लिंबू-मीठ रात्रभर राहिलं की तपकिरी ठिपके पडतात, ते पुढे घासून जात नाहीत. पत्र्याचं गेज विचारा. आकडा जितका लहान तितका पत्रा जाड.

काशाबद्दल मात्र मी हळवी आहे. साधारण अठ्ठ्याहत्तर भाग तांबं आणि बावीस भाग कथील. वाजवलं तर घंटेसारखं निनादतं आणि पडलं तर फुटतं. एवढं कथील धातूला कडक करतं आणि ठिसूळही. जुन्या घरांत काशाची वाटी तळपायाला तूप लावून घासायला तरी असतेच, तिचा नाद ऐकून बघा. तडा गेलेलं कासं बद्द वाजतं. काशाला कल्हई लागत नाही. फक्त आंबट पदार्थ त्यात फार वेळ ठेवायचा नाही, डाग पडतात.

पितळेला आणि तांब्याला कल्हई हवीच, नाहीतर ताक, आमटी, चिंचेचं सार कळकतं. हल्ली लोक हौसेनं पितळी पातेली घेतात आणि वर्षभरात माळ्यावर टाकतात, कारण कल्हई कशी टिकवायची हे कोणी सांगितलेलं नसतं. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्यानं आतली बाजू स्वच्छ करतो, पांढरा धूर उठतो, मग कथलाची कांडी टेकवून वितळलेलं कथील भराभर पसरतो आणि भांडं पाण्यात बुडवतो. कथील २३२ अंशांना वितळतं. रिकामं पातेलं मोठ्या आचेवर ठेवलं, किंवा कोरड्यावर खोबरं भाजायला घेतलं, तर तेवढं तापमान सहज येतं आणि कल्हई एका बाजूला गोळा होते. म्हणून आधी पाणी किंवा तेल घालायचं, मग गॅस पेटवायचा. तारेची घासणी लावायची नाही. लाकडाचा डाव वापरायचा. आतून लालसर किंवा पिवळं दिसायला लागलं की पुन्हा कल्हई. कथलात शिसं मिसळलेलं नसावं, म्हणून कल्हईवाला ओळखीचा धरावा आणि त्याच्याशी घासाघीस करू नये. या कामात स्वस्त मिळणारी गोष्ट आपल्या पोटात जाते.

तांब्याची खरेदी मी पुण्याच्या तांबट आळीत करते. कसबा पेठेतल्या या आळीत सगळीकडून ठोक्यांचा आवाज येत असतो. तांब्याच्या अंगावर ओळीनं छोटे चकचकीत ठोके दिसतात ते मठारकाम. ते नुसतं नक्षीसाठी नाही. ठोकून पत्रा कडक होतो आणि भांडं सहजी पोचत नाही. यंत्रावर उमटवलेले ठोके अगदी एकसारखे असतात, हाताचे जरा पुढेमागे होतात. एवढं बघितलं तरी पुरे. तांब्याच्या पेल्यांत पाणी द्यावं. सरबत देऊ नये, ताक तर मुळीच नाही.

काचेचे आणि चिनी मातीचे सेट हा वेगळाच प्रकार. सहा मोठ्या प्लेट, सहा लहान, बारा वाट्या, दोन मोठे वाडगे, एक लंबगोल थाळा. लहान प्लेटमध्ये आपण काय वाढतो? चकल्या. थाळ्यात काय? वर्षातून एकदा पुलाव. आणि वाट्या बारा, म्हणजे माणशी दोन, त्याही बहुधा उथळ. पाहुणे कधी सहा नसतात. सात असतात नाहीतर अकरा. एक प्लेट फुटली की ती फुलं पुन्हा बाजारात मिळत नाहीत. म्हणून काच घ्यायची तर साधी पांढरी, सुटी, आणि तीच कायम बनत राहणारी. बोन चायना उजेडापुढे धरली की पलीकडे बोटांची सावली दिसते, फार नाजूक चीज आहे. पण तिच्यात खरोखरच जनावरांच्या हाडांची राख असते. सोवळ्याच्या घरी किंवा कडक शाकाहारी पाहुण्यांना वाढण्याआधी हे ध्यानात असू द्या. कोणी विचारलं तर खरं सांगावं लागेल. सोनेरी काठाची कुठलीही प्लेट मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडवते.

वाढायची भांडी लोक शेवटी, उरलेल्या पैशांत घेतात. पाहुण्यांसमोर फजिती होते ती याच भांड्यांनी. पळीचा दांडा भांड्याच्या खोलीपेक्षा आखूड असला की पळी आमटीत बुडते आणि मग यजमानीण चिमट्यानं मासे धरल्यासारखी ती काढत बसते. तुपाला तोटीचं भांडं हवं, चमचा नको. डाव्या बाजूला चौफुला: चटणी, कोशिंबीर, लोणचं, मीठ एका फेरीत वाढून होतं. मालवणी जेवण असेल तर तिसऱ्यांच्या शिंपल्यांना आणि काट्यांना दोघांत एक रिकामा वाडगा ठेवा. पाहुणे तोंडानं म्हणत नाहीत, पण सुटतात.

पुण्याच्या जुन्या बाजारात मला चौफुले मिळाले, ओगराळी मिळाली, कोणाकोणाच्या लग्नांत आलेले पितळी गडू मिळाले. त्यांवर नावं, गावं, तारखा टोचलेल्या असतात. काही जणांना दुसऱ्याच्या नावाचं भांडं घरात नको वाटतं. मला चालतं, जेवताना पाहुणे ती नावं वाचतात आणि गप्पांना विषय मिळतो. जुनं घेताना जोड बघा, पाणी भरून दहा मिनिटं कागदावर ठेवा. आणि वापरणार नसाल तर घेऊ नका. नुसती बघायची हौस असेल तर पुण्याचं केळकर संग्रहालय आहे, अहमदाबादला विशालामध्ये १९८१ साली सुरू झालेलं खास भांड्यांचं संग्रहालय आहे. तिथे चार हजारांहून जास्त भांडी आहेत आणि त्यातलं एकही आपल्याला घासावं लागत नाही.

आता लग्नसराई येईल. आहेर म्हणून डिनर सेट द्यायचा विचार असेल तर कृपा करून देऊ नका. त्याच पैशांत ३०४ स्टीलच्या, जाड पत्र्याच्या, रुंद बुडाच्या दोन डझन वाट्या येतात. त्या द्या.