कातरवेळी एकवीस किलोमीटर

आपल्याकडे धावणे ही पहाटेची गोष्ट आहे. साताऱ्यात आम्ही गेली काही वर्षे यवतेश्वरच्या घाटात धावतो ते सूर्य वर यायच्या आत, आणि मुंबईची मॅरेथॉनही जानेवारीत असूनसुद्धा अंधारातच सुटते. कारण उघड आहे, ऊन. संध्याकाळ आपण वेगळ्या कामांसाठी राखून ठेवली आहे: दिवा लावणे, परवचा म्हणणे, आणि ज्यांना यातले काही जमत नाही त्यांनी उदास होणे. ग्रेस यांचा 'संध्याकाळच्या कविता' हा संग्रह 1967 साली आला. तो वर्गात शिकवताना 'कातरवेळ' या शब्दापाशी आमचा एक तास हमखास खर्ची पडतो. असा तास घेणाऱ्या माणसाने ऐन कातरवेळी अर्धी चड्डी घालून, छातीवर क्रमांक टाचून, हजारो परक्या लोकांच्या गर्दीत उभे राहावे, यात एक विसंगती आहे हे आम्हांस मान्य आहे.

हे घडले 2023 च्या मे महिन्यात, लक्झेंबर्गमध्ये. तिथली नाइट मॅरेथॉन 2006 पासून होते (2020 आणि 2021 ही साथीची वर्षे वगळून). सायंकाळी सातच्या सुमारास किर्शबर्गच्या पठारावरून ती सुटते, शहरात उतरते आणि रात्री पुन्हा तिथेच, लक्सएक्स्पोच्या प्रदर्शनगृहात, छपराखाली संपते. ज्यांना पूर्ण 42 किलोमीटर झेपत नाहीत त्यांच्यासाठी अर्धी शर्यत असते. आम्ही दोघे अर्धीवाले.

येथे सर्वनामाबद्दल एक खुलासा करणे भाग आहे. समीक्षा लिहिणाऱ्यांची जुनी खोड म्हणून आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतो. एरवी ती निरुपद्रवी असते, परंतु दोघांनी मिळून केलेल्या गोष्टीविषयी लिहिताना ती घोटाळा करते. म्हणून जिथे मित्रासह अभिप्रेत आहे तिथे 'आम्ही दोघे' असे लिहू. मराठीला खरे तर ही सोय जन्मजात आहे. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचे असेल तर 'आम्ही', आत घ्यायचे असेल तर 'आपण'. मित्र 2009 साली साहित्य सोडून संगणकाच्या आधाराने तिकडे गेला, तेव्हापासून फोनवर तो 'आपल्याकडे' म्हणे, म्हणजे साताऱ्याकडे. 2021 च्या मे महिन्यानंतर तो 'तुमच्याकडे' म्हणू लागला. ही गोष्ट व्याकरणाची नव्हती, आणि दोन वर्षे आमच्यापैकी कोणीही तिचा उच्चार केला नाही.

धावण्याची कल्पना त्याची. तिच्या मुळाशी त्याचे वडील, अण्णा. अण्णा शाळामास्तर, मूळचे बेळगावकडचे. इतिहास शिकवत, आणि कोणताही धडा चालू असो, वर्षातून एकदा तरी फडेप्पा चौगुल्यांवर येत. 1919 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी पळणारी माणसे सर दोराबजी टाटांनी पाहिली, आणि पुढल्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटा संघ गेला. त्यात बेळगावचे चौगुले होते. मॅरेथॉनचे अंतर तेव्हा अजून पक्के ठरलेले नव्हते. 1908 साली लंडनला राजवाड्यापासून राजघराण्याच्या आसनापर्यंत म्हणून धावले गेलेले 42.195 किलोमीटर 1921 मध्ये प्रमाण मानले गेले. अँटवर्पचा रस्ता त्याहून अर्धा किलोमीटर लांब होता. चौगुले एकोणिसावे आले. अण्णा हा आकडा असा सांगत की वर्गातल्या पोरांना एकोणिसावा म्हणजे पहिल्याच्याही वरचा वाटे. मित्र युरोपात पोचल्यावर पहिल्याच सुट्टीत अँटवर्पला जाऊन आला आणि तिथून त्याने अण्णांना फोन केला होता. काय बोलले ते आम्हांस ठाऊक नाही. अण्णांनी मात्र तो फोन आल्याचे गल्लीत बऱ्याच जणांना सांगितले.

असो. शर्यत सुटली. पहिले काही किलोमीटर किर्शबर्गवरच, बँका आणि युरोपीय न्यायालयाच्या उंच काचांच्या मधून. मग तांबडा पूल येतो. अल्झेट नदीच्या दरीवर 1966 साली बांधलेला, दुरून एखाद्या खेळण्यासारखा दिसणारा. पुलावर वारा होता, आणि खाली फाफेनथालची घरे इतकी लहान दिसत की पाहू नये. पुढे लिम्पर्ट्सबर्ग, मग जुन्या शहराच्या गल्ल्या. कोपऱ्याकोपऱ्यावर ढोलपथके होती, माणसे पेले हातात घेऊन घराबाहेर बसली होती, मुले टाळीसाठी हात पुढे करत होती. सगळे गाव एखाद्या वरातीला जमावे तसे जमले होते. वरातीत घोड्याचे जे होत असेल ते आमचे होत होते.

आमच्या सवयीचा सूर्यास्त हा झटपट व्यवहार. साताऱ्यात दिवस मावळला की अर्ध्या तासात काळोख. तिथे साडेआठ झाले तरी भिंतींवर ऊन होते. जी वेळ आमच्या भाषेने कापरी, क्षणभंगुर म्हणून नोंदवली, ती तिथे तासचे तास हलत नाही. दिवेलागण होतच नाही, पण उजेडातले बळ मात्र निघून गेलेले असते. आम्ही हे मित्राला सांगितले. तो म्हणाला, "चौदा वर्षं झाली. मला अजून कळत नाही कधी घरी जायचं."

धावता धावता बोलणे हा एक वेगळाच गद्यप्रकार आहे. वाक्य श्वासाच्या मापाने कापावे लागते. चार पावलांत बसेल तेवढेच वाक्य. उपवाक्ये पहिल्या पाच किलोमीटरांतच गळून पडतात. 'जरी', 'तरी', 'कारण', 'वास्तविक पाहता' ही मंडळी आपोआप मागे राहतात. शिवाय दोघांचीही नजर समोर असते, त्यामुळे चेहरा सांभाळावा लागत नाही. सिलिटोने 1959 साली लांब पल्ल्याच्या धावपटूच्या एकाकीपणावर कथा लिहिली आणि शीर्षकातच तो एकाकीपणा पक्का करून टाकला. शेजारी कोणी धावत असेल तर काय होते, याविषयी ती कथा काही सांगत नाही. असे आमचे मत.

बाराव्या किलोमीटरच्या पुढे, एका चढावर, मित्राने विचारले,

"अण्णांनी विचारलं होतं का?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे दोन वर्षे तयार होते. ते एक लांबलचक, नीट बांधलेले वाक्य होते. अण्णा साथीच्या दुसऱ्या लाटेत अकरा दिवस रुग्णालयात होते. तिसऱ्या दिवशी मित्राने "तिकीट काढू का?" असे विचारले, तेव्हा "येऊ नकोस" हे आम्ही सांगितले. आत कोणाला सोडत नाहीत, आलास तरी बाहेरच उभा राहशील, आणि परत जायला मिळेल की नाही याचा भरवसा नाही. सारे खरे होते. त्यानंतरचे आम्ही सांगितले नव्हते. सहाव्या दिवशी एका परिचारिकेने अण्णांच्या कानाशी फोन धरला, तेव्हा त्यांनी विचारले, "निघाला का तो?" आम्ही म्हणालो, "निघाला. रविवारी पोचतोय." दोन दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर. अण्णा शनिवारी पहाटे गेले. माहुलीच्या संगमावर अस्थी आम्हीच सोडल्या, फोनचा कॅमेरा नदीकडे धरून.

त्या तयार वाक्यातून चढावर एकच शब्द बाहेर पडला.

"दोनदा."

बऱ्याच वेळाने, पाणी वाटणारे एक टेबल मागे गेल्यावर, उरलेले आम्ही तुकड्या-तुकड्यांनी सांगितले. निघालास म्हणालो. रविवारी म्हणालो. तुला कळवलं नाही. 'कारण' सांगायला दम नव्हता, आणि असता तरी ते त्या क्षणी कुठे ठेवायचे हे आम्हांस समजले नसते.

मित्राचा वेग कमी झाला. मग तो चालू लागला, मग रस्त्याच्या कडेला दुभाजकाच्या दगडावर बसला. सिलिटोच्या कथेतला पोरगा जिंकता जिंकता मुद्दाम थांबतो. आमच्या मित्राला जिंकण्याची भीती मुळीच नव्हती, तरी आमच्या मनात ती कथा आली, ही शिकवण्याच्या पेशाची विकृती म्हणायची. "तू हो पुढे," तो म्हणाला. आम्ही गेलो नाही. यात थोरपणा काही नव्हता, पुढचा रस्ता आम्हांस ठाऊक नव्हता आणि पायही राहिले नव्हते. एक बाई झेंडा लावलेली सायकल घेऊन आली, तिने फ्रेंचमध्ये काही विचारले, मित्राने तिला अंगठा दाखवला. ती गेली. पाच-सात मिनिटे आम्ही दोघे तसेच होतो. ढोल दूर कुठे तरी वाजत होते.

उठला तो न सांगताच, आणि हळूहळू धावू लागला. साडेनऊ होत आले होते, सूर्य नुकताच बुडाला होता, पण आकाश उजळच होते. पूर्ण अंतरवाले एका वळणावर वेगळे झाले, आणि आम्हां अर्धीवाल्यांच्या वाट्याला परतीचा तांबडा पूल आला. पुलाच्या मध्यावर मित्र म्हणाला, "म्हणजे अण्णांच्या लेखी मी निघालो होतो."

आम्ही "हो" म्हणालो.

पुढचे केनेडी मार्गावरचे सरळ किलोमीटर कंटाळवाणे होते, त्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. प्रदर्शनगृहात शिरताना एकदम दिवे आणि गोंगाट अंगावर आला. वेळ दोन तास एकेचाळीस मिनिटे. आमचा क्रमांक एकोणीसच्या फारच पलीकडे होता. पदक, केळे, पाणी.

लक्झेंबर्गमध्ये 2020 पासून ट्राम फुकट आहे. आम्ही दोघे समोरासमोरच्या आसनांवर बसलो, म्हणजे आता चेहरे दिसत होते, त्यामुळे बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याने विचारले,

"रविवारच का सांगितलास?"

"तोंडात आलं ते सांगितलं. अण्णांकडे आपण रविवारीच जायचो ना."

"आपण रविवारी जायचो," तो म्हणाला. "सकाळी. पोहे असायचे."

उतरायचे स्थानक आले तेव्हा दोघांचेही पाय आखडले होते. दार उघडले, आणि आम्ही दोघे दांडा धरून, एकेक पाय टाकत उतरेपर्यंत चालकाने गाडी थांबवून धरली.