कारबाइडचा चुना आणि भज्यांचं तेल

हिरकणीवाडीत रायगडाच्या रोपवेखाली शनिवार-रविवारी कढया दिवसभर तापलेल्या असतात. बायोडिझेलसाठी जळकं तेल हवं म्हणून मी टपऱ्यांवर विचारत फिरलो. वाटलं होतं, डबे भरून मिळेल. "उरलं तर देऊ ना रे! उद्या त्यातच नवं ओतायचं असतं," वाडीतल्या एक काकू म्हणाल्या. तळणीच्या तेलात ध्रुवीय घटक 25 टक्क्यांवर गेले की ते वापरू नये, असा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. पण ते मोजायचं यंत्र टपरीवर कुठून येणार? शेवटी तेल मिळालं ते महाडच्या मोठ्या खानावळींतून.

तेलापासून डिझेल करायचं तर त्यात मिथेनॉल मिसळावं लागतं आणि दोघांची क्रिया घडवून आणणारा उत्प्रेरक लागतो. सहसा कॉस्टिक सोडा वापरतात. तो द्रवात विरघळतो, परत मिळत नाही आणि डिझेल धुतल्यावर साबणाचं खारट पाणी उरतं. सावित्री नदीच्या खोऱ्यात राहून, औद्योगिक वसाहतीत नोकरी करून, आणखी एक सांडपाणी तयार करायला माझं मन घेईना. चुनकळी, म्हणजे भाजलेला कोरडा चुना, मात्र घन राहते, गाळून पुन्हा वापरता येते.

चुना विकत घ्यायची गरजच नव्हती. गॅस वेल्डिंगसाठी ॲसिटिलीन काढतात तिथे टाकीत कारबाइडवर पाणी सोडतात आणि तळाशी राखाडी गाळ साचतो. हा गाळ म्हणजे विरलेला चुना. शुद्ध कारबाइड एक किलो असेल तर सुका चुना त्याहून जास्त, जवळपास 1 किलो 150 ग्रॅम निघतो. म्हणजे कचरा मूळ मालापेक्षा जड! गॅरेजवाल्याला तो कुठे टाकावा हीच अडचण होती. मी पिंप भरून नेलं तेव्हा तो खूश झाला. गाळात न विरलेलं कारबाइड राहिलं तर पेटणारा वायू निघत राहतो, म्हणून आधी भरपूर पाण्यात ढवळून तो उघड्यावर ठेवला, मगच वाळवला.

मग विरलेल्या चुन्याची चुनकळी करायला भट्टी. साधा विरलेला चुना 500 अंशांच्या थोडा वर पाणी सोडतो. पण उघड्यावर पडलेल्या गाळाने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतलेला असतो, त्याला 800 अंशांच्या वर न्यावं लागतं. ओळखीच्या शिक्षकांनी कॉलेजची भट्टी वापरू दिली. निघालेली भुकटी पांढरी, हलकी आणि फार हावरी. पावसाळ्यात रायगडाच्या पायथ्याशी मीठसुद्धा बरणीत ओलं होतं. ही भुकटी उघडी राहिली की पुन्हा विरलेला चुना होऊन बसायची. भट्टीतून थेट घट्ट झाकणाच्या बाटलीत, बाटलीतून थेट तेलात, हाच एक उपाय.

तेल आधी गाळून, तापवून कोरडं केलं. एका लिटरला सुमारे अर्धा लिटर मिथेनॉल घातलं, गरजेहून बरंच जास्त, कारण घन चुन्याबरोबर क्रिया सावकाश होते. मिथेनॉल विषारी, 65 अंशांना उकळतं. म्हणून वाफ थंड होऊन परत खाली येईल अशी नळी लावली आणि जवळ ज्योत ठेवली नाही. ढवळणं थांबवल्यावर दोन थर वेगळे झाले, खाली ग्लिसरीन, वर सोनेरी द्रव. वरच्या थरातलं जास्तीचं मिथेनॉल उडवून घेतलं आणि त्याचे 3 मिलिलिटर 27 मिलिलिटर ताज्या मिथेनॉलमध्ये टाकले. तळाशी तेलाचा थेंब बसला नाही. तेव्हा फार आनंद झाला.

फार जुन्या, आंबट झालेल्या तेलाने मात्र चुना साबणात अडकतो आणि निकामी होतो. असं तेल आधी आम्लाने सुधारून घ्यावं लागतं.

एक प्रश्न बाकी आहे. थोडा चुना विरघळून डिझेलमध्ये उतरतोच. युरोपच्या मानकात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून किलोला 5 मिलिग्रॅमच्या वर चालत नाहीत, आणि इतकं सूक्ष्म मोजणारं उपकरण माझ्याकडे नाही. म्हणून हे इंधन कुणाच्या गाडीत घातलेलं नाही. नमुने तपासणीला मुंबईला पाठवायचे आहेत, आणि पाऊस सरला की उरलेला गाळ भाजायचा आहे.